अकरा मर्यादा असलेली इमारत

संपादकांनी मला नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी त्यांना दोनदा विचारलं, "नक्की मलाच ना?" दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात अशा आठवणी लिहिणारी माणसं म्हणजे सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, नुसती सही बघून साहेबाचा त्या दिवशीचा मूड सांगणारी. माझी नोकरी चौदा महिन्यांची. अजून मी बाहेरून एम.ए. करतोय आणि एकीकडे परीक्षांचा अभ्यास करतोय. या चौदा महिन्यांत सांगण्यासारखी मोठी गोष्ट मी एकच विकली.

पण ती खरंच मोठी होती. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसायचा.

माझे वडील जिंतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमाल आहेत. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि दिल्लीला आलेलाही पहिलाच. आलो तो कलेक्टर व्हायला. करोल बागेत तिघांत एक खोली घेतली, क्लास लावला, आणि पहिल्याच वर्षी पूर्वपरीक्षेत आपटलो. हे घरी कसं कळवावं ते सुचत नव्हतं. अशात एका रविवारी महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात वरण-भात खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर एक बाई जेवण गार करत एक पत्र वाचत बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, आणि ताटाशेजारी मोबाइल फोन. तेव्हा तो अतिथिगृहात फक्त आमदारांकडे दिसायचा.

"ए, तू मराठी ना? हे इंग्रजी जरा बघ. ठीक आहे ना बिल्कुल?"

मी पेन्सिलीने सहा ठिकाणी खुणा केल्या आणि माफी मागितली.

"सहा चुका?" त्या म्हणाल्या.

"सात आहेत. एक सांगायला संकोच वाटला."

मग त्यांनी आपली वाटीभर आमटी माझ्याकडे सरकवली आणि मला नोकरीवर ठेवलं. या कुंदाताई. जन्म दिल्लीचा, वडील केंद्र सरकारात कारकून, बालपण सरकारी क्वार्टरमध्ये. घरातलं मराठी पुण्याचं, पण त्यात दर चार शब्दांनी एक हिंदी. वीस वर्षं त्या दुकानं आणि फ्लॅट विकून देत होत्या. त्यांचं ऑफिस करोल बागेत, गाड्यांचे हॉर्न विकणाऱ्या दुकानाच्या वर. खाली गिऱ्हाईक हॉर्न वाजवून बघितल्याशिवाय घेत नसे. त्यामुळे आम्ही फोनवर कुठलंही वाक्य दोन हॉर्नच्या मध्ये बसवत असू.

त्या वर्षी त्यांच्याकडे पहिल्यांदाच एक कारखाना विकायला आला होता. गाझियाबादच्या पुढे, जिथे उसाच्या शेतांमधून नवे चौपदरी रस्ते निघाले होते आणि त्यावर अजून बैलगाड्याच जास्त होत्या, तिथे खुराना नावाच्या गृहस्थांनी तो बांधला होता. अर्ध्या भागात रंगीत टीव्हीची जुळणी, अर्ध्या भागात तयार मालाचं गोदाम. परदेशी कंपनी भागीदार होणार होती. इमारत पूर्ण झाली आणि भागीदार फिरला. एकही यंत्र न लागलेला, नवाकोरा, दीड लाख चौरस फुटांचा कारखाना. खुराना साहेबांनी ताईंना पत्र दिलं होतं: दिवाळीपर्यंत ही इमारत फक्त तुम्ही विकायची, नंतर ती कॅनॉट प्लेसमधल्या दलालांच्या एका मोठ्या गार ऑफिसकडे जाईल. ताईंना दुकानांच्या धंद्यातून वर यायचं होतं आणि ही एकच शिडी होती.

"भास्कर, साफ सांगते," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "बिल्डिंग गेली तर तू राहशील. बिल्डिंग राहिली तर तू जाशील."

मला घरी जायचं नव्हतं. नापास होऊन तर नाहीच नाही.

पहिल्यांदा आत गेलो तो क्षण मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. रामसरन नावाच्या चौकीदाराने छोटं दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकलं. समोर काहीच नव्हतं, पण केवढं! करड्या आरशासारखी जमीन, खांबांच्या रांगा, छताच्या पत्र्यात मध्ये मध्ये दुधी पट्ट्या आणि त्यातून उतरणारा उजेड. वडील काम करतात ते गोदाम त्यात किती वेळा बसेल ते मी मोजायला लागलो आणि नवाच्या पुढे सोडून दिलं. मग मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलो. स्वतःचंच नाव. ते इतक्या वेळा परत आलं की शेवटी शेवटी ते माझं आहे हे ओळखू येईना.

"सब यही करते हैं," रामसरन म्हणाला. "पिछले हफ़्ते जज साहब आए थे, उन्होंने भी किया."

पलीकडचं शटर उघडायला तो सायकलवरून गेला. आतल्या आत! जाताना घंटीसुद्धा वाजवली, समोर कोणी नसताना. मी त्याला विनंती केली आणि परतीची फेरी मी मारली. पावसाचा, खड्ड्याचा, कुत्र्याचा प्रश्न नाही, समोरून ट्रक येण्याची भीती नाही. मी हात सोडले. आयुष्यात पहिल्यांदा सोडले आणि पडलो नाही. पुढे गिऱ्हाइकाला इमारतीची लांबी सांगण्याऐवजी आम्ही त्याच्या हातात सायकलच द्यायला लागलो. तीन मर्सिडीजवाले गृहस्थ मी त्या सायकलवर हसताना पाहिलेत.

अशी इमारत कशी विकतात, हे थोडं सांगायला हवं. घर घेणारा माणूस आधी दर्शनी भाग बघतो. कारखाना घेणारा खाली बघतो. जमीन किती वजन पेलेल, तुळईखाली उंची किती, दोन खांबांत अंतर किती, म्हणजे यंत्र फिरवताना आडवं काही येणार नाही. विजेचा मंजूर भार किती. मोठा ट्रक एका दमात वळतो की तीनदा मागे-पुढे करतो. आणि माल चढवायचा ओटा ट्रकच्या हौद्याच्या बरोबरीने आहे की नाही. हे सगळं झाल्यावर तो दर्शनी काच बघून "अच्छी है" म्हणतो, ते निव्वळ सभ्यता म्हणून.

निदान मला तरी हे असं शिकवलं होतं. प्रत्यक्षात आलेली माणसं निराळीच. एक गृहस्थ दोन तास सगळं मापून म्हणाले, इथे एका वेळी चार लग्नांच्या वराती बसतील, पण चारही बँड एकदम वाजले तर काय होईल? आम्ही वाजवून बघू शकत नव्हतो, म्हणून ते गेले. एक बाबाजी आले, बरोबर बारा शिष्य. त्यांनी मध्यभागी उभं राहून 'ॐ' म्हटलं आणि तो इतका वेळ घुमला की बाबाजी स्वतःच घाबरले. एक कोंबड्यावाला आला. तो सायकलवर बसलाच नाही, तेव्हाच मला अंदाज आला होता.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ताई म्हणाल्या, "असं नाही जमणार. आपण एक अच्छा माहितीपत्रक काढू. तू लिही. पण सगळं लिहायचं हं."

आता माझ्या चुकीकडे येतो.

ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांना सांगतो: क्लासचे सर आम्हाला वर्षभर एकच गोष्ट घोटवून घेतात. उत्तर एकांगी नको. धरण असो, दारूबंदी असो, आधी प्रस्तावना, मग जमेच्या बाजू, मग मर्यादा, मग समतोल समारोप. मर्यादा लिहिल्या नाहीत तर गुण कापले जातात. आमच्या खोलीत तर इतकी सवय झाली होती की एक जण "आज भाजी कशी झालीय?" असं विचारायचा आणि दुसरा म्हणायचा, "हिला दोन बाजू आहेत."

मी तेच केलं. चार दिवस रोज गाझियाबादची बस धरून गेलो. खांब मोजले. दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून किती वेळ उभं राहता येतं ते घड्याळ लावून बघितलं. एक विटांचा ट्रक शेजारच्या बांधकामावर चालला होता, त्याला हातापाया पडून आमच्या ओट्याला लावून घेतला आणि उंची मापली. वडिलांनाही पत्र टाकलं की ओटा कसा असावा ते कळवा. त्याच पत्रात, शेवटच्या ओळीत, परीक्षेचं लिहिलं.

मग आठ पानांचं माहितीपत्रक इंग्रजीत टाइप केलं. प्रस्तावना. परिसर. जमेच्या बाजू, एकूण दहा. आणि पान पाच ते सात: मर्यादा, एकूण अकरा. पश्चिमेची बाजू तापते. पत्र्यावर पाऊस पडला की बोलणं ऐकू येत नाही. पाणी मचूळ आहे. जवळच्या बसथांब्यापासून अडीच किलोमीटर चालावं लागतं. कबुतरं आहेत. चौदाव्या खांबापाशी केसाएवढी चीर आहे. संध्याकाळी नीलगाई आवारात येतात. हाक मारली तर नाव ओळखू येत नाही. ओटा हौद्यापेक्षा वीतभर उंच आहे, त्यामुळे माल चढवणाऱ्याच्या गुडघ्याला त्रास होईल. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच आहे. आणि दर्शनी काच केवळ शोभेची आहे. समारोपात लिहिलं: 'या मर्यादा लक्षात घेऊनही सदर इमारतीचा विचार करता येण्यासारखा आहे.' हे वाक्य मला फार आवडलं होतं.

त्याच आठवड्यात ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला बंदी. त्या म्हणाल्या, "वाचून दाखव." मी खड्या आवाजात सुरुवात केली. तिसऱ्या पानावर, जमेच्या बाजूंमध्येच, त्यांनी हात वर केला.

"वा! मस्त लिहिलंस यार. सगळं घेतलंस ना?"

"सगळं घेतलं."

"काही सोडलं नाहीस?"

"काहीच नाही, ताई."

"बिल्कुल? चलो, पाठवून दे."

बत्तीस जणांना पाठवलं.

नवव्या दिवशी चष्मा उतरला. मी खालून चहा घेऊन वर आलो तर ताई खिडकीपाशी उभ्या, हातात माहितीपत्रक, पान सहा. खाली कोणीतरी ट्रकचा हॉर्न पसंत करत होतं. तो थांबेपर्यंत त्यांनी पानावर बोट ठेवून धरलं.

"भास्कर. हे काय आहे?"

"मर्यादा, ताई."

"अरे, लग्नाच्या बायोडाटात 'मुलगा घोरतो' असं कोणी लिहितं का?"

मी खरंच विचार केला. "लिहायला हवं, ताई."

"नीलगाय! तू नीलगाय लिहिलीस! वीस वर्षं मी या लाइनमध्ये आहे. लोक शेजारचं स्मशान लिहीत नाहीत! आणि ही बघ, ही बघ चीर! केसाएवढी! कोणाच्या केसाएवढी? माझ्या की तुझ्या?"

मी म्हणालो की नवीन प्रती काढून पाठवू. त्या म्हणाल्या, बत्तीस जणांना आता काय कळवायचं, नीलगाय निघून गेली म्हणून? मग त्या एकदम खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी तेही नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्यांनी हसणं थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीला पाच आठवडे आहेत. तुझं तिकीट बघून ठेव."

दोन आठवडे फोन वाजला नाही. म्हणजे वाजला, पण दुकानांसाठी. मी परभणीच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ केलं.

मग एका सकाळी फोन आला. मी उचलला.

"वो ग्यारह खामियों वाली बिल्डिंग आपके पास है?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून ताईंना तेच वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता लोक फोन करून टिंगल करायला लागले." पण फोनवरचा माणूस टिंगल करत नव्हता. तो पंखे बनवणारा होता. शाहदऱ्याच्या एका गल्लीत त्याचा कारखाना होता, आणि त्याला दुसऱ्याच दिवशी इमारत बघायची होती.

जैनसाहेब आले ते जुन्या ॲम्बॅसेडरमधून. पांढरा सफारी, सत्तरीचं वय. बरोबर यासीनचाचा, म्हणजे त्यांचे सर्वांत जुने मिस्त्री, चाळीस वर्षं मोटरची तार गुंडाळून बोटं वाकडी झालेले. जैनसाहेबांच्या हातात माझी पाच ते सात ही पानं होती. बाकीची पानं त्यांनी आणलीच नव्हती.

"बहू ने पढ़कर सुनाया," ते म्हणाले. "मैंने कहा, बाकी छोड़ो, ये तीन पन्ने फिर से पढ़ो."

त्यांनी सायकल नाकारली आणि एकेक मर्यादा तपासायला सुरुवात केली. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला: "हाँ, गरम है." खूण केली. पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं, खूण केली. चौदाव्या खांबापाशी खाली बसून चीर बघितली. खूण. कबुतरं बघितली आणि जीवदया म्हणून त्यांना हाकलू नका म्हणाले. प्रत्येक खुणेबरोबर ते जास्त खूश होत होते. ताईंना हे सहन होईना. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा माणूस घ्यायला आलाय की तुझा पेपर तपासायला?"

ओट्यापाशी यासीनचाचा थांबले. त्यांनी माझं वाक्य माझ्याकडूनच दोनदा वाचून घेतलं.

"बेटा, जो ट्रक तुमने नापा, वो भरा था कि ख़ाली?"

"भरा था. ईंटें थीं."

"तो बैठेगा ही ना! हम यहाँ से माल भेजेंगे. हमारे पास ट्रक ख़ाली आएगा. ख़ाली ट्रक ऊँचा खड़ा रहता है." त्यांनी ओट्याच्या कडेवर हात आपटला. "बराबर है ये."

हमालाचा मुलगा मी! लहानपणापासून रोज बघितलं होतं की रिकाम्या ट्रकमध्ये चढायला वडिलांना हात टेकावा लागतो आणि भरलेल्यातून ते सरळ खाली पाऊल टाकतात. जैनसाहेबांनी ती ओळ खोडली आणि म्हणाले, "चलिए, दस रहीं."

बरोबर तीन दिवसांनी घरून कार्ड आलं. वडिलांना लिहिता येत नाही, मोंढ्यातल्या मुनीमजींनी लिहून दिलं होतं. 'ट्रक भरलेला असताना ओटा मापू नये, रिकामा असताना मापावा, हे तुला माहीत असेलच.' अशा ओट्याबद्दल चार ओळी होत्या. आणि शेवटी: 'परीक्षेचं कळलं. ओट्याचं नीट बघ.'

पण त्या दिवशीचं राहिलं. सगळं बघून झाल्यावर जैनसाहेब म्हणाले, "महीने भर में नौ बिल्डिंग देखीं. नौ की नौ एक नंबर! घर जाकर समझ में ही नहीं आता था कि किसने कौन-सा झूठ बोला. यहाँ तो लिखा हुआ है." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अब सच बताओ बेटा. जो नहीं लिखी, वो कौन-सी है?"

ताईंनी मला गप्प राहायची खूण केली. पण प्रश्न विचारला गेला की उत्तर द्यायची मला वाईट सवय आहे.

"एक है, सर. मैंने आज तक कोई कारख़ाना अंदर से नहीं देखा. सिर्फ़ एक गोदाम देखा है, जहाँ मेरे पिताजी बोरे उठाते हैं. बाकी सब अंदाज़ से लिखा."

जैनसाहेब इतके हसले की तो आवाज पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत आला आणि त्याला ऐकून ते पुन्हा हसले. "कल शाहदरा आओ," ते म्हणाले. "देख लो."

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई गेलो. गल्ली इतकी अरुंद की ट्रक बाहेरच्या रस्त्यावर थांबायचा आणि पंख्यांची खोकी डोक्यावरून जायची. आत चाळीस माणसं, एकमेकांच्या कोपरांचा हिशेब ठेवून काम करणारी. एकाला शिंक आली की तिघांनी हातातलं काम धरून ठेवायचं. मी मनातल्या मनात मर्यादा मोजायला लागलो आणि एकवीसवर थांबलो. पण माणसं एकमेकांना हाक मारत होती आणि प्रत्येकाला आपलं नाव ओळखू येत होतं. दुपारी बहुतेक जण शेजारच्याच गल्लीत घरी जेवायला गेले.

चहा देताना जैनसाहेब म्हणाले, "मुझे पसंद है. लेकिन यासीन के बिना मैं पंखा नहीं बना सकता, और यासीन ये गली छोड़ना नहीं चाहता. उसने हाँ कहा तो हाँ. ना कहा तो ना."

यासीनचाचांनी कपातून मान वर केली नाही. "ढाई किलोमीटर," एवढंच म्हणाले. माझीच मर्यादा.

म्हणून दिवाळीच्या आधीचा रविवार. दोन टेम्पो भरून शाहदऱ्याची सगळी माणसं आली, बायकापोरं, पुरी-भाजीचे डबे, एक क्रिकेटची बॅट. दार उघडलं आणि पहिल्या मिनिटात चाळीस माणसांनी चाळीस नावांच्या हाका मारल्या. छतावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. मग थांबवणार कोण? उत्तरेच्या भागात क्रिकेट सुरू झालं. षटकार मारला तरी चेंडू इमारतीतच! रामसरनच्या सायकलसाठी रांग लागली आणि तो स्वतः शिट्टी मारत वाहतूक सांभाळू लागला. एका बाईंनी ओट्यावर बसून पाय हलवत सांगितलं की त्यांच्या सासरच्या घरात एवढी मोकळी जागा एकदाच झाली होती, लग्नासाठी आणलेलं भाड्याचं सामान परत गेलं तेव्हा.

यासीनचाचा मात्र चौदाव्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एक खोकं आणलं होतं. ते उघडलं तर आत त्यांनीच गुंडाळलेला छताचा पंखा. दिवे बदलायची चाकांची उंच शिडी होती, ती दोघांनी ढकलत आणली. एक पोरगेला कारागीर वर चढला, तुळईला पंखा टांगला, रामसरनच्या खोलीतून तार ओढली. क्रिकेट थांबलं. सायकल थांबली. सगळे गोल करून उभे राहिले.

पंखा सुरू झाला. तिथे वर, तीस फुटांवर, तो एखाद्या माशीसारखा दिसत होता. यासीनचाचा त्याच्या बरोब्बर खाली गेले, टोपी काढली, डोळे मिटले, तोंड वर केलं. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बांगडी रुतली, पण मी हललो नाही.

"हवा नहीं आ रही," चाचा म्हणाले.

मला काय सुचावं? मी खिशातून पेन काढलं आणि माझ्या प्रतीवर लिहायला लागलो.

"क्या लिख रहे हो?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"बारहवीं खामी, चाचा. छत का पंखा काम नहीं करता."

ते जवळ आले. कागद बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी नीट बघितला. "इसके नीचे मेरा नाम लिखो. ये मैंने निकाली है."

मी नाव लिहिलं. त्यांनी टोपी घातली, पुन्हा वर त्या माशीकडे बघितलं, बराच वेळ, धंद्यातला माणूस बघतो तसं. मग जैनसाहेबांकडे वळले.

"सेठ, बस का इंतज़ाम आप कर दो. लंबी डंडी मैं बना लूँगा."

पंखा जिला लटकतो ती लोखंडी नळी म्हणजे डंडी. मला अर्थ लागायला क्षण गेला, बाकीच्यांना नाही. असा काही आरडाओरडा झाला की पत्र्यावर पाऊस पडताना काय होत असेल ते मला कळलं. कोणीतरी जैनसाहेबांच्या तोंडात लाडू कोंबला. ते त्याच तोंडाने "लिखो, लिखो, बस लिखो!" म्हणत होते. आणि मी वळून बघतो तो कुंदाताई मनगट सोडून कधीच गेलेल्या. रामसरनची सायकल घेऊन, पदर खोचून, चौपन्न वर्षांच्या कुंदाताई खांबांच्या दोन रांगांमधून सुटल्या होत्या, घंटी वाजवत. शाळेत असताना सरकारी क्वार्टरच्या पटांगणात शिकल्या होत्या म्हणे. पलीकडच्या टोकाला त्या अंगठ्याएवढ्या झाल्या, वळल्या, आणि परत येताना ओरडल्या, "भास्कर! तिकीट रद्द!"

तो आवाज घुमला. पण या वेळी शब्द नीट ऐकू आले.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना थोडं जड वाटतं. सह्यांच्या दिवशी खुराना साहेब आले. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होतो. सगळं झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "शीशा बुरा था क्या?" त्यांनी आणि त्यांच्या बायकोने ती दर्शनी काच म्हणे जयपूरपर्यंत हिंडून पसंत केली होती. मी अकरावी मर्यादा दोन मिनिटांत लिहिली होती, दहाच्या पुढे एक हवी म्हणून. मी म्हणालो, "नहीं सर, बहुत सुंदर है." ते खरं होतं. ते जमेच्या बाजूंत लिहायला हवं होतं.

आता ताईंकडे गोदामं आणि कारखानेच जास्त येतात. गिऱ्हाइकाला त्या आधी मर्यादांची पानं पाठवतात. इतर दलालांनीही तीच युक्ती उचलली आहे. परवा एका माहितीपत्रकात मी वाचलं: 'मर्यादा: इमारत गरजेपेक्षा फारच भव्य वाटू शकते.' ताईंनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. जैनसाहेबांची बस शाहदऱ्याहून रोज सुटते. नीलगाई अजून येतात, आणि त्यांना कँटीनमधली उरलेली पोळी आवडते असा चाचांचा निरोप आहे.

यंदा मी पुन्हा परीक्षेला बसतोय. ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून खालच्या हॉर्नसाठी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "पास झालास तर कळव. नापास झालास तर आधी मला कळव."

अभ्यासाला बसतो तेव्हा डोक्यावर तो पंखा असतो, त्या रविवारी तुळईला टांगला होता तोच. चाचांनी दिला. आमच्या खोलीचं छत इतकं खाली आहे की त्याची डंडी कापून वीतभर करावी लागली. बटण दाबलं की नोट्स उडतात, आम्ही तिघं तीन दिशांना धावतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ओरडतंच, "हवा आ रही है, चाचा!"